निंबोळ्या उकळू नयेत

प्रश्न : आमच्याकडे भरिताची वांगी आहेत. तुडतुडे आणि शेंडा पोखरणारी अळी यांवर उपाय म्हणून गेल्या वर्षी निंबोळ्या उकळून काढा केला व दुपारी फवारला, परंतु दोन दिवसांनीही कीड तशीच दिसली. या वर्षी त्यात धोतरा आणि कण्हेरीचा पाला घालावा काय? – एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव

उत्तर : आपला कडुनिंबावरचा विश्वास ढळला असेल, तर तो मला परत मिळवून द्यावासा वाटतो. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य उकळण्याने आणि कडक उन्हाने निकामी होते. आपल्याकडून नेमक्या याच दोन गोष्टी घडल्या. शिवाय ते जागच्या जागी मारणारे विष नाही : त्याने किडीची भूक मंदावते, मादी त्या पानावर अंडी घालण्याचे टाळते आणि पिल्लांची कात नीट टाकली जात नाही, त्यामुळे दोन दिवसांत मेलेली कीड शोधणे व्यर्थ आहे. पहिली फवारणी कीड थोडी असतानाच करावी.

मृगाच्या सुमारास पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गर काढून, धुऊन सावलीत वाळवाव्यात. फोडून पाहिल्यावर आतील मगज काळा पडलेला किंवा बुरशीचा दिसला, तर ती निंबोळी टाकून द्यावी. मगजाची ५ किलो भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पाणी दुधाळ होईपर्यंत ढवळून दुहेरी फडक्यातून पिळून घ्यावे, त्यात १ लिटर पाण्यात विरघळलेला २०० ग्रॅम साबण मिसळावा आणि एकूण १०० लिटर द्रावण करावे. हाच ५ टक्के अर्क. तो त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारावा, कारण तुडतुडे तेथेच बसतात.

धोतरा आणि कण्हेर कृपया घालू नयेत. दोन्ही वैद्यकातील वनस्पती असल्या तरी माणसाला व गुरांना त्या विषारी आहेत आणि वांगी तर आपण दर चार-पाच दिवसांनी तोडतो. निर्गुडी, करंज यांचा पाला मात्र चालेल.

शेंड्यात शिरलेल्या अळीपर्यंत कोणताही अर्क पोहोचत नाही. सुकून माना टाकलेले शेंडे छिद्राच्या खालून खुडावेत, पोखरलेल्या फळांसह ते गोळा करून जाळावेत किंवा खोल पुरावेत. बांधावर टाकल्यास अळी तेथेच कोष करते आणि पतंग होऊन पुन्हा वांग्यावर येते.