फ्लिप-फ्लॉपमधला बिट नेमका असतो कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे: फ्लिप-फ्लॉप म्हणजे एक बिट, ० किंवा १, लक्षात ठेवणारं सर्किट. त्यात ना कपॅसिटर, ना चुंबक, नुसती लॉजिक गेट्स, म्हणजे इनपुटच्या ०-१ वरून आउटपुट ठरवणारी छोटी सर्किट्स. गेटला स्वतःचं काही आठवत नाही. मग ट्रुथ टेबलमध्ये, म्हणजे कुठल्या इनपुटला कोणतं आउटपुट याच्या तक्त्यात, 'आधीचीच स्थिती' अशी जी ओळ असते, ती आधीची स्थिती येते कुठून?

परीक्षेपुरती ती ओळ सगळेच पाठ करतात. तुम्ही तिथे अडलात हे उत्तम झालं, कारण फ्लिप-फ्लॉपचं सगळं मर्म त्याच ओळीत आहे. बिट कुठल्याही एका जागी ठेवलेला नसतो. दोन गेट्स एकमेकांचं आउटपुट आपापल्या इनपुटला घेतात आणि एकमेकांना त्याच स्थितीत धरून ठेवतात. हे धरून ठेवणं म्हणजेच साठवण.

पुस्तक बाजूला ठेवा आणि ब्रेडबोर्डवर ७४एचसी०० ही आयसी लावा. तिच्यात चार नँड गेट्स असतात, आपल्याला दोन पुरतात. १४ नंबरच्या पिनला ५ व्होल्ट, ७ नंबरला ग्राउंड. पहिल्या गेटचे इनपुट १ आणि २, आउटपुट ३. दुसऱ्याचे इनपुट ४ आणि ५, आउटपुट ६. आता ३ ची वायर ४ ला जोडा आणि ६ ची २ ला. १ आणि ५ या पिना १० किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधा, आणि दोन्हींना ग्राउंडकडे जाणारं एकेक पुश बटण लावा. पिन ३ ला १ किलोओहममधून एलईडी. उरलेल्या गेट्सचे इनपुट, म्हणजे ९, १०, १२, १३, ग्राउंडला लावायला विसरू नका. ही आयसी सीमॉस प्रकारची आहे, आणि सीमॉसची इनपुट पिन मोकळी सोडली की ती हवेतला कुठलाही सिग्नल पकडते.

पिन १ चं बटण दाबा. नँडचा एक इनपुट जरी शून्य झाला तरी आउटपुट १ येतो, म्हणून पिन ३ वर १ आला आणि एलईडी लागला. तो १ वायरीने पिन ४ वर गेला. पिन ५ आधीच १ आहे. दोन्ही इनपुट १, म्हणून पिन ६ शून्य. तो शून्य पिन २ वर परत आला. आता बटण सोडा. पिन १ पुन्हा १ झाली, पण पिन २ वर शून्य बसलेला आहे, त्यामुळे पिन ३ हलत नाही. हा पूर्ण फेरा दहा-वीस नॅनोसेकंदांत संपतो. तुमचं बोट बटणावरून उठायच्या कितीतरी आधी. पिन ५ चं बटण दाबलंत की हेच सगळं उलट्या बाजूने घडतं आणि एलईडी विझतो. 'आधीची स्थिती' येते ती या पिन २ आणि पिन ४ च्या वायरींवरून.

हे टिकतं कसं, हा खरा सुंदर भाग. गेट म्हणजे आतून ॲम्प्लिफायरच. समजा गडबडीने ५ व्होल्टचे ४.२ झाले. पुढच्या गेटला तो तरीही १ च दिसतो, आणि ते आपलं आउटपुट सप्लायच्या जोरावर पुन्हा पार शून्यापर्यंत ओढतं. प्रत्येक फेरीत चूक पुसली जाते. म्हणूनच वीज गेली की बिटही जातो, आणि पुन्हा चालू केल्यावर तो १ असेल की ० याचा भरवसा नाही. मोठ्या सर्किटमध्ये सुरुवातीला रीसेट द्यावा लागतो तो याचसाठी.

दोन्ही बटणं एकदम दाबून एकाच क्षणी सोडली तर? घाटमाथ्याच्या अगदी धारेवर पडलेलं पाणी कोकणात उतरेल की देशावर, हे आधी सांगता येत नाही, तसंच. दोन्ही गेट्स क्षणभर मधल्या व्होल्टेजवर अडकू शकतात. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. बाहेरून केव्हाही येणारा सिग्नल क्लॉकच्या, म्हणजे ठरावीक ठोक्यावर चालणाऱ्या, सर्किटमध्ये घेताना दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लावतात, ते पहिल्याला निकाल लावायला वेळ मिळावा म्हणून.

ही जोडी ट्रान्झिस्टरच्याही आधीची आहे. विल्यम एक्लिस आणि फ्रँक जॉर्डन या दोघा इंग्रजांनी १९१८ साली दोन व्हॅक्यूम ट्यूब अशाच उलटसुलट जोडून पेटंट मागितलं होतं.

आतापर्यंत बांधलं ते लॅच. त्यात क्लॉक आला की फ्लिप-फ्लॉप होतो. ७४एचसी७४ मधल्या डी फ्लिप-फ्लॉपमध्ये दोन लॅच एकामागे एक असतात. क्लॉक शून्य असताना पहिला डी या इनपुटकडे बघत असतो आणि दुसरा बंद. क्लॉक चढला की पहिला बंद होतो, हाती असलेला बिट धरतो, आणि दुसरा तो बाहेर दाखवतो. त्यामुळे आउटपुट फक्त चढत्या कडेलाच बदलतो. त्या कडेच्या काही नॅनोसेकंद आधीपासून डी स्थिर हवा, हा सेटअप टाइम. डेटाशीटमध्ये तो आकडा बघायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

तुमच्या मनात कपॅसिटर आला तोही उगाच नाही. कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीत, म्हणजे डीरॅममध्ये, बिट खरोखरच इवल्याशा कपॅसिटरवरचा चार्ज असतो. तो गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी वाचून पुन्हा भराव्या लागतात. प्रोसेसरच्या कॅशमधली एसरॅम मात्र आपल्या लॅचचीच सख्खी बहीण: एकमेकांकडे तोंड केलेले दोन इन्व्हर्टर आणि आत-बाहेर जायला दोन ट्रान्झिस्टर, मिळून ६. तिला पुन्हा भरावं लागत नाही, पण जागा जास्त लागते आणि किंमतही.

लॅच चालला की पुढचा प्रयोग करा. ७४एचसी७४ चा क्यू-बार, म्हणजे उलटा आउटपुट, त्याच्याच डी ला जोडा. दर क्लॉकला आउटपुट उलटतो, म्हणजे फ्रीक्वेन्सी निम्मी होते. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २ चा १५ वा घात आहे, म्हणून असे १५ फ्लिप-फ्लॉप लावले की बरोबर सेकंदाचा ठोका मिळतो. ४०६० या आयसीत ऑसिलेटर आणि १४ टप्पे तयार असतात. तिच्या पिन ३ वर सेकंदाला २ ठोके येतात. तेच तुमच्या ७४एचसी७४ च्या क्लॉकला द्या, पंधरावा टप्पा तो.