वाचकांचे प्रश्न : तैपूसमची कावडी

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्या शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरून निखाऱ्यांवरून चालणारे भक्त, आहेत. मुलगा क्वालालंपूरला नोकरीला आहे. तिथल्या तमिळ शेजाऱ्यांनी त्याला तैपूसमला बोलावले आहे. गालांतून सळ्या टोचून घेतलेल्यांचे फोटो त्याने पाठवले, ते पाहून आम्हाला धस्स झाले. हा नेमका काय प्रकार आहे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : हा नवस फेडण्याचा दिवस आहे, आणि धोंडांच्या घरात वाढलेल्याला तो समजायला वेळ लागू नये. तमिळ 'तै' महिना संक्रांतीला लागतो, 'पूसम' म्हणजे पुष्य नक्षत्र. पुष्याच्या आसपासची पौर्णिमा धरतात, म्हणून सण कधी पौषी पौर्णिमेच्या सुमाराला येतो, कधी माघी पौर्णिमेच्या : २०२४ मध्ये २५ जानेवारी, २०२५ मध्ये ११ फेब्रुवारी, २०२६ मध्ये १ फेब्रुवारी. पार्वतीने मुरुगनला, म्हणजे आपल्या कार्तिकेयाला, 'वेल' हा भाला दिला तो हा दिवस. ब्रिटिश अमदानीत मलायात गेलेल्या तमिळांनी क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांतल्या मुरुगन मंदिरात १८९२ पासून हा उत्सव चालवला आहे.

फोटोंत सळ्याच दिसतात, पण बहुतेक भक्त सळी टोचून घेतच नाहीत. ते डोक्यावर दुधाची घागर घेतात, तिला 'पालकुडम' म्हणतात. दुसरा प्रकार साध्या कावडीचा : खांद्यावर लाकडी दांडा, त्यावर कमान, मोरपिसे आणि दोन टोकांना दुधाची लहान भांडी. इडुंबन नावाच्या असुराने दोन डोंगर कावडीत घालून वाहिले, त्या कथेवरून ही रीत आली. मूल झाल्याचा नवस असेल तर उसाची दोन-तीन दांडकी एकत्र बांधून त्यांना पिवळ्या कापडाची झोळी लावतात. बाळ झोळीत, पुढचे टोक बापाच्या खांद्यावर, मागचे आईच्या. तुमच्या मुलाला सांगा, गर्दीत ही झोळी शोधून पाहा.

टोचण्याची कावडी म्हणजे 'अलगु कावडी'. धातूचा सांगाडा कमरेच्या पट्ट्यावर आणि खांद्यांवरच्या गादीवर टेकतो, त्याच्या बारीक सळ्या किंवा साखळ्या छाती-पाठीला अडकवतात. आकडे स्नायूत जात नाहीत, चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीतून जातात, त्यामुळे रक्त फारसे येत नाही. जिभेतून किंवा गालातून छोटा वेल घालतात तो मौनासाठी : वाहणाऱ्याने त्या वेळात बोलायचे नाही. वर चढून नैवेद्य झाला की सळ्या काढतात आणि जागेवर विभूती लावतात. हे काम वर्षानुवर्षे करणारी जाणती माणसेच करतात. हौसेने कुणी नवख्याकडून करून घेऊ नये.

खरी परीक्षा त्याआधीची. पूर्ण व्रत ४८ दिवसांचे, अनेकजण कमी दिवसांचेही करतात. शाकाहार, बहुधा एकवेळचे जेवण, ब्रह्मचर्य, जमिनीवर झोप. व्रत नीट न झालेल्याला सांगाडा पेलत नाही असे तिथे मानतात. शरीराच्या अंगानेही ते पटते. शेवटच्या आठवड्यात घाईने उपास धरलेला माणूस पाणी कमी पडून अर्ध्या पायऱ्यांवरच बसतो. शिवाय सांगाड्याचा तोल एका बाजूला गेला की कंबर धरते, म्हणून सोबतीला बसायला स्टूल घेतलेला एक माणूस आणि पायांवर पाणी ओतायला दुसरा लागतोच. अनवाणी चालायचे असते, उन्हाने डांबर तापते. शहाणे लोक पहाटेपूर्वीच नदीवर आंघोळ उरकून निघतात.

गुहेपर्यंत २७२ पायऱ्या आहेत. पायथ्याशी मुरुगनची सोनेरी मूर्ती, उंची सुमारे ४२.७ मीटर, २००६ मध्ये उभी राहिली. मुलाने केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून कोम्युटर (लोकल) गाडी धरावी, स्टेशन मंदिराला लागूनच आहे. चपला पिशवीत ठेवाव्यात, केळी उघड्यावर हातात धरू नयेत, माकडे हिसकावतात. आणि कावडीवाल्यासमोर उभे राहून फोटो काढू नये. थांबला की त्याच्या पायांवरचा भार दुप्पट वाटतो.

प्रश्न : आपल्याकडे बायका कार्तिकस्वामींचे दर्शन घेत नाहीत. मग सुनेने तिथे जावे का?
– एक वाचिका, म्हापसा

उत्तर : बिनधास्त जावे. मराठी मुलखात कार्तिकेय ब्रह्मचारी मानला जातो, तमिळांचा मुरुगन मात्र वल्ली आणि देवसेना या दोन पत्नींसह असतो. घागर घेऊन चालणाऱ्यांत बायकाच मोठ्या संख्येने असतात. पिवळी किंवा केशरी साडी चालते.

घागर घेणार असेल तर एक ध्यानात ठेवावे. पितळ चिंचेने किंवा बिंबल्याने घासून नीट विसळले नाही, तर आंबटाचा अंश राहतो आणि उन्हात दूध फाटते. भांडे तीनदा गरम पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. दूध निघतानाच ओतावे, रात्रभर ठेवू नये. काठाला दोन बोटे जागा ठेवून तोंड कापडाने घट्ट बांधावे.

प्रश्न : तमिळनाडूतल्या पळनीच्या मुरुगन मंदिराचे पंचामृत गोव्यात घरी होईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : होईल, पण त्यात दूध-दही नसते आणि पाण्याचा थेंबही नको. पळनीत विरूपाक्षी केळी वापरतात, आपल्याकडे रसबाळी चालतील. मोयऱ्याची केळी घेऊ नका, ती घट्ट पडतात. सालीवर काळे ठिपके आलेली सहा रसबाळी (सोलून सुमारे ३०० ग्रॅम), किसलेला गूळ १५० ग्रॅम, बी काढून बारीक चिरलेले आठ खजूर, दोन चमचे खडीसाखर, एक मोठा चमचा मध, दोन चमचे तूप, तीन वेलच्यांची पूड. कोरड्या हाताने केळी कुस्करा, मिक्सरला लावलीत तर फेसाळून लवकर काळी पडतात. गूळ घालून दहा मिनिटे ठेवा, तो विरघळला की बाकीचे मिसळा, मध शेवटी. घरचे त्याच दिवशी संपवावे. आंबले तर दोष बहुधा ओल्या चमच्याचा असतो.