सुनावणीच्या आधी आणि नंतर

प्रकल्प, किनाऱ्याचे नकाशे आणि ग्रामसभा यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं देतो आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

आमच्याकडे एका प्रकल्पाची जनसुनावणी झाली. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं बोलू दिलं. आमच्या बोलण्याला काही वजन असतं का? (देवगड तालुका)

असतं, पण ते घोषणेला नसतं, नोंदीला असतं. पर्यावरण मंजुरीसाठीची सुनावणी 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. किमान 30 दिवस आधी जाहीर सूचना, प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत, कामकाजाचं चित्रीकरण आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं, हे सगळं नियमात आहे. मतदान मात्र होत नाही. बाजूने किती आणि विरोधात किती, यावर मंजुरी ठरत नाही. कोणता मुद्दा इतिवृत्तात आला आणि प्रकल्पवाल्यांनी त्याला काय उत्तर दिलं, हे तज्ज्ञ समितीने पाहायचं असतं.

म्हणून ‘प्रकल्प रद्द करा’ एवढंच लिहून थांबू नका. समजा, अहवालात म्हटलं आहे की जागेजवळ मासेमारी नगण्य आहे. मग लिहा: ‘आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या होड्यांची यादी आणि डिझेल परताव्याची कागदपत्रं सोबत जोडली आहेत. या होड्या कुठे जातील, ते अहवालात दाखवा.’ असा मुद्दा बाजूला सारणं अवघड जातं.

हे लिहायचं तर अहवाल आधी वाचायला हवा. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. त्या 30 दिवसांत प्रत्येक वाडीतले चार जण बसवा. एखादे निवृत्त गुरुजी, एखादा डिप्लोमा झालेला मुलगा, बचत गटातल्या एक-दोन ताई, एक खलाशी. पाण्याचं प्रकरण एकाने वाचावं, मासळीचं दुसऱ्याने. आणि सुनावणीच्या दिवशी इतिवृत्त वाचून होईपर्यंत कोणी उठू नका. शेवटची एसटी चुकेल म्हणून लोक निघतात आणि आपला मुद्दा लिहिला गेला की नाही, हे बघायला कोणी उरत नाही. परतीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा.

पुढे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर समितीचं इतिवृत्त येतं. तुमच्या मुद्द्याला तिथे उत्तर नसेल, तर मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्याला आहे.

मी नालासोपाऱ्याला राहतो. जमीन राजापूर तालुक्यात, मतदान इकडे. गावाच्या निर्णयात मला तोंड उघडायचा हक्क आहे का? (एक चाकरमानी)

ग्रामसभेत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असेल तोच तिचा सदस्य. जनसुनावणीसाठी मात्र संबंध असलेल्या कुणालाही लेखी म्हणणं देता येतं, आणि जमीनमालकाचा संबंध कोण नाकारणार? भूसंपादनात मालकाला नोटीस निघते. पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल आणि मागे पंधरा-वीस हिस्सेदार असतील, तर ती नोटीस तुमच्यापर्यंत पोचणार कशी? गणपतीला गावी याल तेव्हा तलाठ्याकडे वारस नोंदीचं काम हातावेगळं करा.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाबद्दल तुम्ही पत्रात अभिमानाने लिहिलं आहे. जमिनीची अधिसूचना 2017 ची, ती रद्द झाली मार्च 2019 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, शिवसेना-भाजप युतीच्या बोलणीनंतर. आंदोलनाचा दाब नसता तर ते झालं नसतं, हे खरं. तरी मला एक गोष्ट लागून राहते. रोजगार मागणारे आणि आंबा-मासळी वाचवू पाहणारे कागद समोर ठेवून एका सतरंजीवर बसले, असं काही झालं नाही. म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये त्याच तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) तशाच प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा तोच वाद पुन्हा पहिल्यापासून उभा राहिला, तोही पोलीस बंदोबस्तात.

सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा आम्हाला कळतच नाही. हरकत घ्यायची कशी? (मालवण)

कार्यालयात बसून नाही, नकाशा घेऊन किनाऱ्यावर फिरा. किनारा व्यवस्थापनाचा मुख्य नकाशा 1:25,000 प्रमाणावर असतो. त्यात तुमचं घर टाचणीच्या टोकाएवढंही दिसत नाही. स्थानिक कामासाठी 1:4,000 चा, गट नंबर दाखवणारा नकाशा असतो, तो मागा. सोबत जुनी माणसं घ्या. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) कुठे ओढतात, होड्या पावसाळ्यात कुठे वर घेतात, मासळी कुठे वाळत घालतात, उधाणाचं पाणी कुठवर येतं, हे एकेक करून नकाशावर खुणा करा, फोटो काढा, गट नंबर लिहा. भरतीरेषा चुकली असेल तर ती अशीच सापडते. 2019 च्या अधिसूचनेत तिचं महत्त्व वाढलं आहे. ग्रामीण भागात 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा दाट वस्ती असेल तर ना-विकास क्षेत्र त्या रेषेपासून 50 मीटर, नसेल तर 200 मीटर. रेषा थोडी सरकली तरी कुणाचं घर आत, कुणाचं हॉटेल बाहेर.

कागद मराठीत मिळावेत म्हणून भांडायला संकोचू नका. पर्यावरण अधिसूचनेचा 2020 चा मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांमध्ये द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं होतं.

तांत्रिक प्रश्न तज्ज्ञांवरच सोडू नयेत का? सामान्य माणसाला त्यातलं काय कळतं? (रत्नागिरी)

तज्ज्ञ काय होऊ शकतं ते सांगतात. त्यातलं काय पत्करायचं, हे ज्यांना भोगायचं त्यांनी ठरवावं. आयर्लंडमध्ये 2016 साली वय, लिंग आणि प्रदेशाचं प्रमाण राखून 99 सामान्य नागरिक निवडले. त्यांनी कित्येक शनिवार-रविवार डॉक्टर, वकील आणि दोन्ही बाजूंची माणसं ऐकली, प्रश्न विचारले आणि मग शिफारस केली. गर्भपातासारख्या प्रश्नावर 2018 मध्ये सार्वमत झालं ते त्यानंतर. इतकं लांब जायचं नसेल तर आपल्याकडे बघा. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात सिंधुदुर्गातल्या 25 गावांची नोंद आहे. आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव त्यांच्या ग्रामसभांनीच केले होते. शेजारी खाणी बघून त्यांना जे कळलं होतं, त्याला कमी लेखू नये.

ग्रामसभेला माणसंच येत नाहीत. तहकूब सभेत पाच-दहा जण ठराव करतात. (गुहागर तालुका)

गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी कमी ती. तहकूब सभेला तीही लागत नाही, म्हणून हा रस्ता सोपा पडतो. कोकणात वाड्या डोंगरभर विखुरलेल्या, ग्रामसभेच्या तारखांपैकी 15 ऑगस्टला होड्या नुकत्या समुद्रावर गेलेल्या, 2 ऑक्टोबरला भाताच्या कापणीची घाई. मोठा विषय असेल तर सरपंचांकडे जादा ग्रामसभा मागा, आणि त्याआधी वाडीवार बसा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावात अभ्यासगट असतात. तिथे विषय फक्त समजून घेतात, निर्णय नंतर ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणंही कायद्याने सक्तीचं आहे. तुमच्या गावात ती शेवटची कधी झाली? तिचं इतिवृत्त दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर मिळतं. ते मागवा आणि पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा.