‘युलिसिस’ पुढे सरकत नाही, मी मंद झालोय का?

“पूर्वी जाडजूड कादंबऱ्या सहज वाचायचो. हल्ली वीस-पंचवीस पानांपुढे जातच नाही. माझं डोकं चालेनासं झालंय का हो?” समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की आता मी आधी पुस्तकाचं नाव विचारते. बरेचदा ती अवघड म्हणून गाजलेली एखादी कादंबरी निघते.

साठी ओलांडलेले एक निवृत्त बँक अधिकारी असेच आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पुस्तक होतं आयरिश लेखक जेम्स जॉइसचं ‘युलिसिस’. १९२२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेली, १६ जून १९०४ या एकाच दिवसाचं डब्लिन दाखवणारी अठरा प्रकरणांची कादंबरी. निवृत्तीनंतर ती वाचायचीच, असं त्यांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. दर वेळी ते तिसऱ्या प्रकरणात अडत. तिथे कादंबरीतला तरुण, स्टीफन डेडलस, समुद्रकिनाऱ्यावरून चालत असतो. बाहेर फारसं काही घडत नाही, आणि त्याच्या डोक्यात ॲरिस्टॉटलपासून आईच्या मृत्यूपर्यंतचे विचार तीन-चार भाषांतून धावत असतात. अडलं की हे गृहस्थ पुन्हा पहिल्या पानावर. हे संपल्याशिवाय दुसरं पुस्तक उघडायचं नाही, असा नेमही त्यांनी केला होता. त्यामुळे सगळं वाचनच थांबलं होतं.

झोप, चष्म्याचा नंबर, रोजचा पेपर, घरचे हिशेब, सगळ्याची मी चौकशी केली. सगळं ठाकठीक होतं. (यांपैकी काही बिघडलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा; माझ्याकडे नंतर या.)

मी त्यांना कार्ल युंग यांचं सांगितलं. मनाचा एवढा मोठा अभ्यासक, पण ‘युलिसिस’वर लिहिताना त्यांनी नोंदवून ठेवलंय की १३५व्या पानाशी त्यांना गाढ झोप लागली. जॉइसला पाठवलेल्या पत्रातही या पुस्तकाने जवळजवळ तीन वर्षं छळल्याचं त्यांनी लिहिलं. गृहस्थ हसले, पण सैल झाले नाहीत. “ते युंग होते, मॅडम. त्यांना झोप परवडते.”

पुढच्या एका भेटीत मी म्हटलं, “तिसरं प्रकरण सोडा. सरळ चौथं उघडा.”

“छे! ती फसवणूक होईल.”

“कोणाची?”

ते बोलायला गेले आणि थांबले. मीही थांबले. अशा वेळी घाई करून उत्तर सुचवायचं नाही, हे मी इतक्या वर्षांत पक्कं शिकले आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. “दादाची,” ते म्हणाले.

दादा म्हणजे थोरले भाऊ. लहानपणी तेच वाचनालयातून पुस्तक आणून देत आणि ते परत करण्याआधी प्रश्न विचारत. उत्तर चुकलं, तर नवं पुस्तक नाही. पान गाळलेलं दादाला लगेच कळायचं.

“दादा आता काय वाचतात?”

“काही नाही. दिसत नाही त्याला. मीच फोन करतो, बातम्या सांगतो.” आणि मग आपणहून म्हणाले, “म्हणजे परीक्षा घेणारा कधीच उठून गेला. मी एकटाच पेपर लिहीत बसलोय.”

ते वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. मी कितीही समजावलं असतं, तरी इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली आहे. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलचा हट्ट माणसाला जास्त छळतो, हे मी रोज पाहते. पुस्तक पूर्ण व्हावं ही इच्छा छानच आहे. ते झालं नाही तर मी मंद, हा निकाल मात्र आपण स्वतःवर लादलेला असतो. असा निकाल टांगलेला असताना कोणाचंही लक्ष लागणार नाही. प्रत्येक ओळ कळली की नाही, एवढंच माणूस तपासत राहतो.

चौथ्या प्रकरणाचा सल्ला मी उगाच दिला नव्हता. पहिलं प्रकरण सकाळी आठला सुरू होतं आणि चौथ्यात घड्याळ पुन्हा आठवर येतं. माणूसही नवा भेटतो, लिओपोल्ड ब्लूम. तो मांजराला दूध देतो, खाटकाकडून न्याहारीसाठी मूत्रपिंड आणतो, बायकोसाठी चहाचा ट्रे वर नेतो आणि इकडे तव्यावरचं मूत्रपिंड करपतं. तिथून सुरुवात केली तर फार काही निसटत नाही. तिसऱ्याकडे मागाहून वळावं. जे कळत नाही ते मोठ्याने वाचावं. जॉइसची बरीच वाक्यं कानाला आधी कळतात. कादंबरीतले संदर्भ उलगडणारं टिपांचं पुस्तक प्रकरण संपल्यावर उघडावं. आणि सोबत एखादं सोपं, आवडीचं पुस्तक जरूर चालू ठेवावं. वाचनाची गोडी त्यानेच टिकते. एखाद्याला ब्लूमसोबतही रमता आलं नाही, तर त्याने ‘युलिसिस’ खुशाल कपाटात ठेवावं. त्याच्या बुद्धीबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

त्या गृहस्थांनी ब्लूमची सकाळ दादांना फोनवर मराठीत सांगितली. दादांनी एकच प्रश्न विचारला, “त्या बायकोला पत्र पाठवणारा तो बॉयलन कोण?” ते सांगायला त्यांना पुढे वाचावंच लागलं. अलीकडे कळवलं की प्रसूतिगृहातलं चौदावं प्रकरण त्यांनी तूर्त सोडून दिलं आहे.