‘नॉर्मल आहे’ म्हणजे किती इंच?

इलेक्ट्रिक पिकअपबद्दलची पत्रं अलीकडे वाढली आहेत. बहुतेक अमेरिकेतून, एक जुन्नर तालुक्यातून. तक्रार सगळ्यांची एकाच भागाची, सस्पेन्शनची, म्हणजे चाकं गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेची. पत्रांतली कंपन्यांची नावं मी काढून टाकली आहेत. एका पत्रावर कुणाचा निकाल लावायचा नसतो, आणि तसंही या गाड्यांचं दुखणं कंपनीच्या नावापेक्षा गाडीच्या वजनातून जास्त येतं.

*

काका, नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये नोवीला राहतो. एअर सस्पेन्शनची इलेक्ट्रिक पिकअप आहे, तिचा हा दुसरा हिवाळा. डिसेंबरपासून रोज सकाळी पुढची डावी बाजू बसलेली दिसते. गाडी चालू केली की घरघर करत वर येते. सर्व्हिस सेंटरने दोनदा ठेवून घेतली आणि ‘थंडीत असं होतं, नॉर्मल आहे’ म्हणून परत दिली. नवरा म्हणतो, सोडून दे. सोडू का?

सोडू नका. सर्व्हिसवाला खोटं बोलला नाही, पण त्याने अर्धंच सांगितलं.

तुमच्या गाडीत लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या पिशव्या आहेत आणि त्यांत दाबून भरलेली हवा. हवा थंड झाली की आकसते. संध्याकाळी २० अंश सेल्सिअसला उभी केलेली गाडी पहाटे उणे १५ला गेली, तर ती हवा साधारण १२ टक्क्यांनी आकसते. म्हणजे गाडी थोडी खाली बसणार, हे पदार्थविज्ञान आहे. पण थंडी काही डावं-उजवं बघत नाही. एकाच अ‍ॅक्सलवरची दोन्ही चाकं जवळपास सारखी बसायला हवीत. एकच कोपरा बसत असेल, तर त्या कोपऱ्यातून हवा जाते आहे. पिशवीला जिथे घडी पडते तिथून, नळीच्या जोडातून, नाहीतर व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातून. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं, ते या जोडांचं काही भलं करत नाही.

आता कामाचं सांगतो. गाडी सपाट फरशीवर उभी करा. रात्री टेप घेऊन चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली की आकडा फसवतो. सकाळी पुन्हा मोजा, पण दार उघडायच्या आधी आणि फोन किंवा चावी गाडीजवळ न नेता. बऱ्याच गाड्या मालक जवळ आल्याची चाहूल लागताच जाग्या होतात आणि स्वतःला समतल करून घेतात. मग सर्व्हिस सेंटरच्या आवारात सगळं कसं छान दिसतं, हे वेगळं सांगायला नको. टेपसकट फोटो काढा. मधे एखादी उबदार रात्र आली तर तिचंही माप घ्या. त्या रात्रीही तोच कोपरा उतरला, की थंडीची सबब संपली.

मोजताना गाडीखाली डोकं घालू नका. हवेवर उभी असलेली तीन टनांची वस्तू अचानक खाली येऊ शकते.

घाई कशासाठी? कॉम्प्रेसरसाठी. हा छोटा पंप थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळती लहान असली तरी त्याला रोज सकाळी जास्तीचं काम पडतं, तो तापतो, आणि वर्ष-दोन वर्षांत बसतो. शिवाय बाहेरची ओली हवा जितकी जास्त आत ओढली जाईल तितका तिचा ओलावा शोषणारा ड्रायर लवकर थकतो. तो थकला की पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं आणि जानेवारीत तिथेच गोठतं. वॉरंटीत दुरुस्त झाली असती ती नळी, वॉरंटी संपल्यावर कॉम्प्रेसरचं बिल होऊन येते.

पुढच्या भेटीत ‘गाडी बसते’ असं सांगू नका. रिपेअर ऑर्डरवर हे लिहून घ्या: दहा तासांत पुढची डावी बाजू इतके इंच उतरते, उजवी इतके, गळतीची चाचणी करून निकाल लेखी द्यावा. समोरचा ‘नॉर्मल’ म्हणाला तर विचारा, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किती इंचांपर्यंत नॉर्मल? आकडा असेलच. तो नसेल तर नॉर्मल हा शब्द त्याने कुठून आणला, हेही विचारा. दोष सापडला नाही तरी प्रत्येक भेटीचा कागद घ्या. अमेरिकेत राज्याराज्यांचे ‘लेमन लॉ’ आहेत, म्हणजे सदोष गाडी पदरी पडलेल्या ग्राहकासाठीचे कायदे, नियम वेगवेगळे, पण दुरुस्तीचे किती प्रयत्न झाले आणि गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती, हे बहुतेक ठिकाणी मोजलं जातं. कागद नसेल तर ती भेट झालीच नाही.

आणखी एक. एनएचटीएसए या केंद्रीय रस्ते-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट तक्रार नोंदवता येते. तिथेच कंपन्यांनी आपल्या वर्कशॉपना पाठवलेली तांत्रिक पत्रकंही सापडतात, कारण ती संस्थेला देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे अशी तक्रार कधी आलीच नाही’ असं कुणी म्हणालं, तर जाण्याआधी ती चाळून जा.

*

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झाले, बाहेरची नक्षी मात्र नव्यासारखी आहे. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) दोनदा केलं. टायरवाला म्हणतो, इलेक्ट्रिक गाड्या टायर खातातच. रोज हायवेने जातो, रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) वाचवायला गाडी खालच्या उंचीवर ठेवतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यात बरंचसं उत्तर आहे.

इलेक्ट्रिक गाड्या टायर खातात, हे खरं. रिव्हियनची आर-वन-टी ७००० पौंडांच्या आसपास आहे, जीएमसीची हमर ईव्ही तर ९०००च्या वर. त्यावर पहिल्या क्षणापासून मिळणारा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. पण वजन आणि टॉर्क टायरला सगळ्या रुंदीभर झिजवतात. फक्त आतली कड जाते तेव्हा चाक सरळ उभं नसतं किंवा सरळ चालत नसतं.

गाडी खाली घेतली की हवा कमी अडते, रेंज वाढते, हा हिशेब बरोबर आहे. पण खाली आल्यावर सस्पेन्शनच्या आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी हातांचे, कोन बदलतात. चाकाचा वरचा भाग आत झुकतो, त्याला कॅम्बर म्हणतात. चाकं पुढून किंचित उघडतात किंवा मिटतात, तो टो. नुसत्या कॅम्बरने टायर हळूहळू जातो. टो बिघडला की प्रत्येक मैलाला टायर आडवा घासला जातो, आणि झुकलेल्या चाकाची आतली कड त्याला आधी बळी पडते. काही गाड्यांत रेंज वाचवणाऱ्या मोडमध्ये आणखी एक गोष्ट होते. रिव्हियनच्या चार मोटरवाल्या गाडीत ‘कन्झर्व्ह’ मोडला मागच्या मोटर सुटतात, गाडी फक्त पुढच्या चाकांवर ओढली जाते आणि उंचीही उतरते. ओढायचं सगळं काम मग पुढच्याच दोन टायरांवर. तुमच्या गाडीत काय होतं ते मॅन्युअलमध्ये पाहा. विजेत वाचलेले डॉलर टायरच्या दुकानात मोजायचे असतील तर खुशाल खाली ठेवा.

दोन अलाइनमेंटबद्दल मला शंका आहे. एअर सस्पेन्शनची गाडी कंपनीने ठरवलेल्या उंचीवर, ती उंची स्थिर ठेवूनच मोजायची असते. यंत्रावर चढवल्यावर गाडी स्वतःहून वर-खाली होत राहिली, तर निघालेला आकडा कुठल्या उंचीचा हे देवालाही सांगता येणार नाही. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: गाडी कुठल्या उंचीवर लॉक केली होती, आणि आधीचा-नंतरचा छापील कागद कुठे आहे? गडबडला, तर दुसरं दुकान. टायर नवे घातल्यावर रोजची उंची ‘स्टँडर्ड’ ठेवा आणि रोटेशन, म्हणजे टायरांची अदलाबदल, चुकवू नका. जुन्या टायरवरून हात फिरवून बघायचा सल्ला मी एरवी देतो, तुम्हाला देत नाही. आतल्या कडेला तारा उघड्या पडल्या असतील.

*

डॅलस. हळू चालवताना, पाय काढला की खालून ‘टक्’ असा आवाज येतो. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकतानाही. भारतातून आलेली आई म्हणते, खालून कुणीतरी दार ठोठावतंय.

आईंचा कान चांगला आहे. पेट्रोल गाडीत हे आवाज इंजिनाच्या गोंगाटात बुडून जायचे. पण गोष्ट फक्त ऐकू येण्याची नाही. इलेक्ट्रिक गाडीत पाय दाबला की मोटर चाकाला पुढे ढकलते आणि पाय काढला की तीच मोटर ब्रेक होऊन त्याला मागे खेचते. दिवसातून शेकडो वेळा जोराची दिशा उलटते. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या खाचांत किंवा रबरी बुशमध्ये जरा जरी मोकळीक असली, तर ती दोन्ही बाजूंनी आपटते.

आवाज आधी वेगळा काढा. मोकळ्या पार्किंगमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून, भिंतीच्या कडेने हळू चालवा. पाय दाबताना-काढताना आला, तर संशय दांड्यावर किंवा मोटरच्या माउंटिंगवर. एक चाक स्पीडब्रेकरवर चढवताना आला, तर बॉल जॉइंट, आर्मचे बुश किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना आला, तर वेगळीच गोष्ट. फोनवर रेकॉर्ड करा आणि मेकॅनिकला शेजारी बसवूनच दाखवा. किल्ली देऊन निघून आलात तर ‘आवाज ऐकू आला नाही’ हा शेरा ठरलेला.

तुमच्या वर्णनावरून मला दांड्याचा प्रकार वाटतो, तो त्रासदायक आहे, बहुधा धोकादायक नाही. तरीही गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर आजच टाका. ऑक्टोबर २०२२मध्ये रिव्हियनने १२,२१२ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या (याला रिकॉल म्हणतात), म्हणजे तोवर ग्राहकांना दिलेल्या जवळजवळ सगळ्याच. पुढचा वरचा आर्म जिथे चाक धरणाऱ्या ठोकळ्याला, स्टिअरिंग नकलला, जोडतो, तिथला बोल्ट काही गाड्यांत पुरेसा आवळलेला नसण्याची शक्यता होती. दुरुस्ती काही मिनिटांची, पाना लावून बोल्ट आवळायचा. ढिलाच राहिला असता तर चाकावरचा ताबा जाऊ शकला असता. तुमची गाडी त्यातली आहे असं मी म्हणत नाही. आवाज किती मोठा यावरून धोका किती हे कळत नाही, एवढं मात्र त्यातून दिसतं. आवाजाबरोबर स्टिअरिंग ढिलं वाटलं किंवा गाडी एका बाजूला पळाली, तर चालवत नेऊ नका, टोइंग व्हॅनने न्या. रिकॉलचं काम फुकट असतं.

*

घ्यायचीच असेल तर हवेवरची घ्यावी की साध्या स्प्रिंगची? — न्यू जर्सी

फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगला साध्या कॉइल स्प्रिंग आहेत आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन, एफ-१५०च्या घराण्यात पहिल्यांदाच. सायबरट्रकच्या महागड्या आवृत्त्या हवेवर आहेत. मला विचाराल तर मीठ पडणाऱ्या राज्यात, शहरात चालवायला आणि दहा वर्षं ठेवायला, कॉइल. डोंगरात नेणार असाल किंवा मागे जड ट्रेलर लावणार असाल, तर हवेचे फायदे खरे आहेत. तेव्हा हवेची घ्या आणि वाढीव वॉरंटीचे पैसे बाजूला ठेवा.

*

नारायणगाव. छोटी इलेक्ट्रिक पिकअप घेतली, टोमॅटोचे क्रेट मार्केटला नेतो. मागचे स्प्रिंगचे पाटे सरळ झालेत, खड्ड्यात खाली आपटते. गॅरेजवाला म्हणतो, दोन पाटे वाढवून देतो. कंपनीवाले ओव्हरलोड म्हणून हात झटकतात. चालवतो मीच.

आधी काट्यावर वजन करा. भरलेली गाडी, एकदाच, आणि पावती ठेवा. आरसी बुकातल्या एकूण वजनापेक्षा जास्त भरलं, तर कंपनीचं म्हणणं टिकणार. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. वजन हद्दीत भरलं, तर ती पावती तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

पाटे वाढवू नका. पाटा वाढला म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. वाढतो तो रिकाम्या गाडीचा दणका. परतीला क्रेट रिकामे असतात आणि तो दणका चेसिसला, तिथून बॅटरीच्या माउंटिंगला बसतो. वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं ते वेगळंच. क्रेट शक्यतो केबिनकडे रेटून लावा, मागच्या फाळक्याकडे ढीग नको.

वजन बरोबर असूनही पाटे बसले असतील, तर लेखी तक्रार द्या. सुरक्षेचा दोष वाटत असेल तर सात वर्षांच्या आतल्या गाडीसाठी केंद्राच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी तक्रार नोंदवता येते, ती सोय २०२१पासून आहे. गाडी व्यवसायाची म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूतून वगळलेली आहे. ‘चालवतो मीच’ हे तुमचं वाक्य अर्जात पहिल्या ओळीत घाला.

तोवर पाटे अ‍ॅक्सलला धरणारे यू-बोल्ट आवळलेले आहेत का आणि पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बुश झिजलेत का, एवढं बघून घ्या. बुश गेले असतील तर आपटण्याचा आवाज पाट्यांचा नसून त्यांचाच असू शकतो, आणि ते काम स्वस्तात होतं.