घाट उतरताना न्यूट्रल करावं का? आणि वाचकांचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न : सर, आम्ही महिन्यातून दोनदा तरी पुण्याहून पनवेलला येतो, जुन्या हायवेने. खंडाळ्याचा घाट लागला की बाबा गाडी न्यूट्रलला टाकतात, म्हणतात उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं. मागच्या वेळी खोपोलीत चहाला थांबलो तर पुढच्या चाकातून करपल्यासारखा वास येत होता. गिअरमध्ये उतरवा म्हटलं तर "तीस वर्षं अशीच चालवतोय" म्हणाले. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही बरोबर आहात, पण बाबांचंही एकेकाळी अगदीच चूक नव्हतं, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, हे उत्तर शांतपणे वाचून दाखवा.

आधी तो वास. घाटमाथ्यापासून खोपोलीपर्यंत तुम्ही साधारण ५०० मीटर खाली येता. माणसं, सामान धरून गाडी १५०० किलोची पकडा. एवढं वजन एवढ्या उंचीवर असतं म्हणजे त्यात जवळजवळ ७५ लाख ज्यूल ऊर्जा साठवलेली असते, आणि खाली पोचेपर्यंत ती कुठेतरी जावीच लागते, ती गायब होत नाही. हवेचा आणि टायरचा विरोध नसता, ब्रेकही लावले नसते, तर पायथ्याला गाडीचा स्पीड ताशी ३६० किलोमीटर झाला असता! हवा आणि टायर मिळून त्यातली थोडीफार ऊर्जा खातात, पण न्यूट्रलमध्ये बाकीची सगळी ब्रेकवर येते आणि तिची उष्णता होते. ७५ लाख ज्यूल म्हणजे किती, तर साधारण २४ लिटर पाणी, म्हणजे दीड बादली, नळाच्या पाण्यापासून उकळीपर्यंत तापवायला लागेल इतकी उष्णता. ती तळहाताएवढ्या ब्रेक पॅडवर आणि डिस्कवर वीस-पंचवीस मिनिटांत ओतली तर करपल्याचा वास येणारच ना.

वास ही पहिली पायरी. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते, मग पाय अजून जोरात दाबावा लागतो, त्याने ते अजून तापतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं आणि पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं तरी दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दबते, त्यामुळे पेडल स्पंजासारखं आत जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. हे सपाट रस्त्यावर झालं तर निभावेल, घाटाच्या वळणावर झालं तर काय होईल ते मला लिहवत नाही.

गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनला फिरवतात. इंजिनला हवा ओढायला, दाबायला मेहनत पडते, ती मेहनत गाडीच्या ऊर्जेतून वजा होते आणि तिची उष्णता रेडिएटर नि सायलेन्सरमधून बाहेर जाते, ते दोन्ही त्यासाठीच बनवलेले असतात. म्हणून तर ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरला चढली त्याच गिअरला उतरवायची. ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, लागेल तेव्हा ठामपणे दाबायचा आणि सोडायचा.

आता पेट्रोल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत गिअरमध्ये इंजिन जोरात फिरायचं आणि थोडं पेट्रोल ओढायचं, म्हणून तेव्हा न्यूट्रलने थोडं वाचायचं, बाबांची सवय तिथली. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फुकट फिरतं. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला जातात आणि जास्त जाळतात. आणि कुणी चावीच बंद करून उतरत असेल तर हात जोडून सांगतो, करू नका, दोन-चारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा जड होतो आणि चावी काढली तर स्टेअरिंगही लॉक होतं.

तुमच्या रस्त्याच्या जवळूनच रेल्वे जाते, १८६३ साली सुरू झालेला बोरघाट, दर ३७ मीटरला एक मीटर चढ. आजची नवी इलेक्ट्रिक इंजिनं उतरताना मोटारचाच जनरेटर करतात आणि वीज वरच्या तारेत परत सोडतात. म्हणजे जी ऊर्जा तुमच्या चाकात करपतेय ती तिथे चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामाला येऊ शकते. मला हे दरवेळी नव्याने भारी वाटतं.

प्रश्न : आमच्या सासूबाई वीज चमकली की आकडे मोजतात आणि वीज किती लांब आहे ते सांगतात. हे खरं असतं का? आणि कधी एकदम कडाड होतं, कधी नुसतं गुरगुरत राहतं, ते का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं गणित पक्कं आहे. उजेड त्याच क्षणी पोचतो, आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, म्हणजे तीन सेकंदाला एक किलोमीटर. नऊ आकडे झाले तर वीज तीन किलोमीटरवर.

गुरगुर का, तर वीज म्हणजे एक ठिपका नाही, ती कित्येक किलोमीटर लांब वाकडीतिकडी रेघ असते. सगळी रेघ जवळपास एकाच वेळी तापते, पण तिचं जवळचं टोक आधी ऐकू येतं आणि लांबचं नंतर, त्यामुळे आवाज लांबतो. अगदी जवळ पडली तर पहिला फटकाच इतका मोठा असतो की तेवढाच लक्षात राहतो. फक्त एक, लांब आहे म्हणून शेतात थांबू नका. वीज ढगापासून दहा किलोमीटरवरही पडते, तेव्हा गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं, झाडाखाली तर अजिबात नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. रंकाळ्यात दगड टाकला तर लाट काठापर्यंत आली, पण मध्ये तरंगणारं पान आलंच नाही. का?

उत्तर : बाळा, तू पान बघितलंस हे फार छान केलंस, कारण बहुतेक जण लाटच बघतात. पाणी काठाला आलंच नव्हतं. प्रत्येक ठिकाणचं पाणी जागच्या जागी छोटा गोल फिरलं आणि शेजारच्या पाण्याला ढकललं, पुढे आली ती फक्त ऊर्जा. दोरी झटकल्यावर हिसका टोकाला जातो, दोरी तुझ्या हातातच राहते, तसंच. म्हणूनच दक्षिणेला हिंदी महासागरात वादळ झालं तर इथे वारा नसतानाही हजारो किलोमीटरवरून लाटा येऊन भारताच्या किनाऱ्यावर आपटतात, आणि तिथलं पाणी तिथेच असतं. पुढच्या वेळी दोन दगड एकदम टाक आणि दोन्ही गोल एकमेकांतून आरपार जातात का ते बघून मला कळव.