केबिनवर डिफ्लेक्टर बसवण्याआधी टेप घेऊन टपावर चढा

तुम्ही विचारलंय की पुणे–बेंगळुरू फेरी करणाऱ्या कंटेनर ट्रकच्या केबिनवर डिफ्लेक्टर, म्हणजे समोरची हवा कंटेनरच्या वरून वळवणारा कलता पत्रा, बसवला तर डिझेल खरंच वाचतं का. वाचतं, पण तो त्या गाडीच्या मापाचा असेल तरच.

मी दुकानात तयार मिळाला तोच बसवला होता. कंटेनर त्याच्याहून हातभर उंच. ॲव्हरेज जागचं हललं नाही. कारण कळलं ते एका पावसाळी सकाळी: कंटेनरच्या कपाळावर किड्यांचा जाड पट्टा. हवा डिफ्लेक्टरवरून चढून पुन्हा पत्र्यावरच आदळत होती. रात्रभर गाडी चालली की तुम्हीही बघा, किडे चिकटतात तिथे हवा थडकते. गरजेपेक्षा उंच बसवलात तर मात्र डिफ्लेक्टरच हवा अडवू लागतो.

मोटारसायकलवर असताना शेजारून ट्रक गेला की हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. नासाच्या एडविन सॉल्ट्झमन यांना सायकलवरून कामावर जाताना हेच जाणवलं. १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्यांच्या गटाने एका जुन्या व्हॅनला ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचा चौकोनी खोका केला आणि मग एकेक कड गोल करत मोजमाप घेतलं. पुढच्या-मागच्या उभ्या कडा गोल केल्यावर हवेचा अडथळा ४० टक्के घटला, आतली जागा गेली जेमतेम १.३ टक्के. आडव्या कडाही गोल केल्यावर घट ५४ टक्क्यांवर गेली. म्हणून नवीन बॉडी बांधून घेणार असाल तर पुढच्या कडा गोल करून घ्याच. तो खर्च एकदाच होतो.

आता वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ६५ वर आलात तर तो साधारण एक तृतीयांश कमी होतो, तेही एक रुपया न घालता. खंबाटकी घाटात गाडी चढते तेव्हा मात्र बहुतेक डिझेल वजन ओढण्यात जातं, तिथे डिफ्लेक्टरचा फारसा उपयोग नाही.

फरक एका फेरीवरून ठरवू नका, वारा रोज वेगळा असतो. तोच रस्ता, तेवढाच माल, तोच ड्रायव्हर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवा आणि टाकी फुल ते फुल अशा निदान चार-पाच फेऱ्या मोजा.

केबिनच्या टपापासून कंटेनरच्या वरच्या कडेपर्यंतची उंची आणि मधली फट टेपने मोजून इथे लिहा. केवढा आणि किती कलता लागेल ते सांगतो.